सगळ्यांना कुलूप उघडता येणाऱ्या घराचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा कुलपे दुरुस्त करणे व हरवलेल्या किल्ल्या बनवून देणे, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. भीती वाटते ती खरी, पण भीतीचा दाखला कुणी देत नाही. माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. का, ते सांगून टाकतो, नाहीतर मागाहून म्हणाल, म्हाताऱ्याला चळ लागला.

ते मृत्युपत्र दुकानातल्या लोखंडी कपाटात, मी स्वतः बनवलेल्या कुलपात होते. महिन्यापूर्वी त्या कुलपाच्या भोकाशी केसाएवढा ओरखडा दिसला. चोराची तार कुठेही घसरते. हा ओरखडा माझ्याच बाकावर शिकलेल्या हाताचा होता. कागद जागेवर होता, पण घडी उलटी. ही विद्या मी एकट्या मुलाला शिकवली. तेव्हापासून जेवताना त्याच्या तोंडाकडे न बघता बोटांकडे बघत होतो. वाचून परत ठेवले, म्हणजे हा माझ्या मरणाची वाट बघतो आहे, दुसरे काय?

एवढे घाबरायचे कारणही लिहितो, कारण हे मी स्वतः केलेले आहे. वडील गेले त्या आठवड्यात मी त्यांचे कपाट उघडले, मृत्युपत्र वाचले, आणि अर्धे दुकान ताईला दिलेले बघून कागद चुलीत घातला. कुलूप पुन्हा नीट लावले. चार लोकांसमोर कपाट उघडले तेव्हा ताई म्हणाली, "बाबांनी मला स्वतः सांगितलं होतं रे." मी म्हटले, "कुलूप तर शाबूत आहे, ताई." सगळ्यांनी कुलपावर विश्वास ठेवला. चौतीस वर्षे झाली, तिने माझ्या घरात पाऊल टाकलेले नाही.

वकीलबाईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "काका, कागदच सापडला नाही तर प्रोबेटला, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवून घ्यायला, कोर्टात काय दाखवणार? कार्यालयात नोंदवा. साक्षीदार तुमच्याहून तरुण घ्या, ज्यांना यातून काही मिळत नाही असे. आणि घरातल्यांना जिवंतपणी वाचून दाखवा."

म्हणून काल मुलगा आणि मुलगी दोघांना बसवले आणि आधी मुलाला विचारले, "कपाट तू उघडलंस?"

तो म्हणाला, "बाबा, तुमचं ते कुलूप मला आजवर एकदाही उघडता आलेलं नाही. लाजेपायी बोललो नाही."

मुलगी मान खाली घालून म्हणाली, "मी उघडलं."

ही अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याचे घर सोडून आली. समोर बसून किल्ल्या निवडायची, तेवढ्यावर शिकली. "तुमच्यामागे माझं काय होणार, ते बघायचं होतं," म्हणाली. मी काय लिहिले होते? 'मुलीने भावाच्या मर्जीने घरात राहावे.' ते वाचूनही तिने दुसऱ्या सकाळी मला रोजच्यासारखा चहा दिला. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तर घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, संपूर्ण मुलीचे. कुणाच्याही मर्जीशिवाय. हातहत्यारेही तिचीच, हात तिचा आहे. किल्ल्या कापायचे यंत्र मुलाचे. त्याला बटण दाबता येते.

बँकेतली ठेव दोघांत निम्मी. नॉमिनी म्हणून मुलाचे नाव आहे, पण नॉमिनी नुसता सांभाळणारा असतो, मालक नव्हे. बाळा, हे मी तुझ्यासमोर वकीलबाईंना दोनदा विचारले आहे.

समोरचा किल्लीवाला माझी कानस घेऊन गेला तो गेलाच. रडायला आला तर येऊ द्या, दुकानात एकटा सोडू नका.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

अर्धे दुकान मुलाला. उरलेले अर्धे ताईला, असे कलम लिहिले होते. ते खोडले आहे व खाडाखोडीवर सही केली आहे. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती माझ्याआधी गेली तर हे कलम फुकट जाईल, असे वकीलबाई म्हणाल्या. शिवाय खरे सांगतो, मी मेल्यावर तिला कळावे, म्हणजे तोंड दाखवायला नको, हाच माझा डाव होता. तिचे अर्धे तिला आजच, माझ्या जिवंतपणी, बक्षीसपत्राने देतो. कागद खिशात आहे. नोंदणी झाली की इथून थेट तिच्याकडे जाणार. आयुष्यभर दुसऱ्यांची दारे उघडली, कधी छाती धडधडली नाही. आज कडी वाजवून बाहेर उभा राहणार. ती आतून उघडेल की नाही, मला ठाऊक नाही.

साक्षीदार, दोघांनाही यातून काही मिळत नाही:
१. डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला (सही)
२. शेजारच्या दुकानातले शिंपी (सही)

लिहून देणार, किल्लीवाला (सही)
ठिकाण: नोंदणी कार्यालयाचा बाक
दिनांक: १२ मार्च, सकाळी अकरा