टांगानिकाचं स्थळ

पवनार, ता. १२ ऑक्टोबर १९५७

जाम मुक्कामी मानाच्या विहीणबाई गोपिकाबाई यांस पवनारहून शालूबाईचे हात जोडून रामराम. आम्ही दोघं इकडे धडधाकट आहो. तुमच्या गुडघ्याले आराम पडला का, ते आधी कळवा. एरंडाचं पान गरम करून बांधत जा, डॉक्टरले नुसतं पाहू द्या. अक्षर समजून घ्या. माही शाळा दुसरीतच सुटली (मास्तराची म्हैस दारात बांधली राहे, तिच्या भेवानं).

तर बाई, खुशखबर अशी का मी आफ्रिकेले चालली! सिंह, हत्ती, जिराफ पाहायले. तिकडे अशा फिरतीले सफारी म्हणतात म्हणे. तुम्ही म्हणसान, म्हातारीले हे काय सुचलं. अवो, चाळीस वर्षं धाम नदीच्या काठी भाजीची वाडी केली. रोही दिसला का हाकलला, डुक्कर दिसलं का डबा वाजवला. जनावराचं तोंड म्हणून कधी धड पाह्यलं नाई, पळताना ढुंगण तेवढं पाह्यलं. मरायच्या आधी एकदा तरी 'हाड' न म्हणता, उभं राहून, ज्याच्या तोंडात माही वांगी नाईत असं जनावर पाहावं, एवढीच हौस.

आता देश कोणता, इथं पंचाईत. आमचा केशव केनियात, नैरोबीले रेल्वेत. तुमचे माणिकराव अन् आमची शरयू लागूनच्या टांगानिकात, अरुशाले, ते शाळेत मास्तर. दोघांचंही बोलावणं. बोटीतून मोंबासालेच उतरायचं, पण पुढं कुठं? यांचं म्हणणं, परमिट एकाच देशाचं काढू, दोन-दोन कचेऱ्यांत मी चप्पल नाई झिजवत. केशवनं लिहिलं, आई, इथं सिंह गावाच्या वेशीवर राहते. माणिकरावांनी लिहिलं, इथं डोंगराच्या पोटात कढईसारखा खड्डा आहे, गोरोंगोरो नावाचा, त्यात जनावरंच जनावरं. आपलं दही आंबट कोण म्हणन?

पण मी या हातानं अकरा लग्नं जुळवली आहेत. स्थळाची चौकशी स्थळाच्या घरी करत नसतात, बाजूच्या गावात करतात. शरयूच्या वेळेले तुमची चौकशी आम्ही समुद्रपूरले केलती (राग मानू नका). तिथली एक बाई म्हणे, "त्या गोपिकाबाईच्या घरी पोरगी देऊ नका, पंगतीतून माणसाले उठूच देत नाई, तूप वाढून वाढून घर बुडवन ते!" मी त्याच दिवशी होकार कळवला. शेजारी गोड बोलते तवा त्याचं ऐकू नये, निंदा करते तवा कान देऊन ऐकावं.

म्हणून मी काय केलं, केशवले टांगानिकाचं विचारलं अन् माणिकरावाले केनियाचं. मग पाहा गंमत! माणिकराव लिहितात, त्या नैरोबीत काय आहे, सकाळी सिंह पाहा अन् दुपारी घरी येऊन जेवा, सिंहाच्या मागं गावची घरं दिसतात. अन् केशव असा चिडला का शाई सांडली कागदावर. म्हणे, आई, टांगानिकाचं नावही काढू नको, रस्त्याचा पत्ता नाई, धुळीनं माणूस ओळखू येत नाई, अन् दाढीवाल्या म्हशीसारखी जनावरं वाटेत अशी उभी राहतात का मागच्या खेपेले आमची मोटार तीन तास हालली नाई. तीन तास! विहीणबाई, मी पत्र घेऊन अंगणात नाचली. घरंच पाहाची असती त पवनार काय वाईट आहे?

पण हे अडले. "लेकीच्या घरचं पाणी पीत नसतो मी. पोराकडे जाऊ." (नातू चालायले लागला तरी यांचं तेच.) मी म्हटलं, "तंबूत राहू. जंगल काई जावयाच्या मालकीचं नाई." तर म्हणे, "अन् तंबूत चहा कोण करन? लेकच ना?" "मी करीन." "साखर कोणाची?" चार दिवस हेच चालू. पाचव्या दिवशी मी अशी सोंगटी टाकली का डावच फिरला. यांनी आपणहून माळ्यावरची ट्रंक काढली अन् अर्जावर आपल्या वळणदार अक्षरात 'टांगानिका' लिहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात, जन्मभर गावच्या पोरांच्या वह्या तपासलेल्या या मास्तरानं पहिल्यांदा माह्या सांगण्यावरून शुद्धलेखन केलं! वाडी आमच्या गड्याले, श्रावणले, अर्ध्या वाट्याच्या बटईनं देऊन टाकली. डुकरं आता त्याची, हत्ती माहे. जिंकली का नाई मी?

घरच्या सगळ्यांले आशीर्वाद. तुमची, आफ्रिकेले निघालेली विहीण,
शालूबाई

ता. क. माणिकरावाले काय धाडायचं ते सांगा. लिंबाचं लोणचं मी घालून ठेवलं आहे.

ता. क. दुसरा. ती सोंगटी कोणती, ते सांगायचं राह्यलं. मी यांले म्हटलं का जामहून विहीणबाईचं पत्र आलं आहे, 'माह्या लेकाचं घर ते माहं घर, व्याह्यांनी आमचा मान राखून टांगानिकाले यावं, नाई त आम्हाले जन्मभर वाईट वाटन.' मानाचं बोलावणं ऐकलं अन् हे लोण्यासारखे विरघळले. तर तेवढं पत्र तुम्ही आता लिहून द्या.

ता. क. तिसरा. तारीख मागच्या महिन्यातली टाका. टपालात टाकू नका, हे शिक्का वाचतात. हे पत्र आणणाऱ्या श्रावणच्या हातीच द्या, घेतल्याबिगर हालायचं नाई असं त्याले बजावलं आहे. घाई काऊन, तर हे ते पत्र पाहायले मागून राह्यले, अन् मी सांगून बसली का कोणत्या तरी डब्यात ठेवलं. सकाळपासून यांचे सात डबे उघडून झाले. आमच्या घरी नऊच आहेत.