स्टोअरची फ्लॉपी

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली आणि अंबडच्या कारखान्यातली आपली टोकन रिंगही कधीच भंगारात गेली. आता तिथलं नेटवर्क मी बघते आणि चांगलं बघते. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण शिकवलं तुम्ही. त्या रिंगमध्ये वीस कॉम्प्युटर एका फेऱ्यात जोडलेले. निरोप एकाकडून दुसऱ्याकडे फिरायचा, त्यावर कुणाचा आणि कुणासाठी असे दोन नंबर. ज्याचा नंबर असेल त्याने वाचून घ्यायचा, बाकीच्यांनी मुकाट्याने पुढे द्यायचा. मशीनमधल्या प्रत्येक नेटवर्क कार्डावर बनवणाऱ्याने घातलेला नंबर असायचाच, जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला, पण तो तुम्हाला पसंत नव्हता. "त्यावरून मशीन कुठल्या टेबलावर आहे ते कळतं का? मग काय चाटायचाय?" असं म्हणून तुम्ही खातं आणि टेबल बघून आपला नंबर द्यायचात. तो मशीन सुरू करायच्या फ्लॉपीत लिहिलेला असायचा.

माझं प्रोबेशन संपायला दोन आठवडे उरले असताना एका सोमवारी स्टोअरला नवं मशीन आलं. मी घाईत डिस्पॅचच्या फ्लॉपीची कॉपी केली आणि आतला नंबर बदलायला विसरले. मग रोज सकाळी तमाशा. कधी डिस्पॅचचं मशीन रिंगमध्ये शिरेना, कधी स्टोअरचं. डिस्पॅचच्या बाई तावातावाने आल्या. "मी बोटसुद्धा लावलं नाही हो! काल चालत होतं, आज नाय म्हणतंय!" तुम्ही कार्ड बदललंत, केबल बदललीत. चौथ्या दिवशी तुम्ही हजेरीची पंचिंग कार्डं मागवलीत तेव्हा, बिघाडाचा हजेरीशी काय संबंध, म्हणून मला मनातल्या मनात हसू आलं. बाई देवळाली कॅम्पहून बसने यायच्या. बस उशिरा आली की डिस्पॅच बंद, वेळेवर आली की स्टोअर बंद. "जो आधी येतो त्याचंच चालतंय. दोघांचा नंबर एकच आहे," तुम्ही म्हणालात. रिंगमध्ये शिरण्याआधी मशीन स्वतःच्याच नंबराला हाक मारून बघतं. आतून कुणी ओ दिली की ते बाहेरच थांबतं.

स्टोअरच्या मशीनमधून तुम्ही फ्लॉपी काढलीत, उलटीसुलटी पाहिलीत. "ही कुणी केली?"

"आधीच्या ऑपरेटरने असेल, सर."

तो बिचारा त्याच आठवड्यात नोकरी सोडून पुण्याला गेला होता. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फ्लॉपी खिशात टाकलीत. दुसऱ्या दिवशी नंबरांची वही माझ्या टेबलावर आपटलीत. "आजपासून नंबर तू द्यायचे. आणि प्रत्येक नंबरापुढे सही करायची. कळलं?" आठवड्याने मी कायम झाले. मला वाटलं, सुटले बाई.

तुम्ही गेल्यावर मी तुमच्या घरी भेटायला आले तेव्हा काकूंनी एक पाकीट हातात ठेवलं. "तुझं आहे म्हणायचे. मागेल तेव्हा दे, म्हणायचे." आत तीच फ्लॉपी. लेबलवर निळ्या शाईत 'स्टोअर' आणि खाली त्या सोमवारची तारीख, दोन्ही माझ्याच अक्षरात. म्हणजे फ्लॉपी उलटीसुलटी पाहिलीत त्याच दिवशी तुम्हाला कळलं होतं. त्यानंतर मी सात वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर बसले, रोज तुमच्याबरोबर चहा घेतला, आणि एकदाही तोंड उघडलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

हे पत्र कुठे टाकणार? त्या वहीतच ठेवते. वहीत प्रत्येक नंबरापुढे माझी सही आहे, फक्त स्टोअरची जागा मी इतकी वर्षं कोरी ठेवली होती. आज तिथे सही केली. सर, ती फ्लॉपी मी केली होती.