माझं दीड लिटर, अम्माचं पाऊण

९ फेब्रुवारी, गुरुवार

पोट लहान करायचं ऑपरेशन करून घरी आले. सोबत तीस मिलीचा पेला – खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर टोपीसारखा बसतो तो. त्यातलं पाणी पाव तासात संपवायचं. ओठ लावून, चिमणीसारखं. एकदम नाही. स्ट्रॉ नाही. सोडा नाही. कॉफी महिनाभर नाही – कोइम्बतूरमध्ये!

डॉक्टर शेन्बगम म्हणाल्या, "पोटाची आता केळ्याएवढी नळी ठेवलीय. मोठं केळं नव्हे हं, वेलची केळं." स्वतःच हसल्या. मी हसले नाही. हसलं की टाके ओढतात.

अम्माने पेला उलटासुलटा करून पाहिला. "एवढंच? अम्मिणी, देवळात तीर्थाची पळी याहून मोठी असते." लाडात आली की मी अम्मिणी, एरवी कोदै.

१० फेब्रुवारी

स्वयंपाकघरात दोन बाटल्या. हिरव्या झाकणाची माझी. दिवसाला दीड लिटर, प्यायलंच पाहिजे. निळ्या झाकणाची अम्माची. दिवसाला पाऊण लिटर, त्यातच ताक, रसम्, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं आलं. वर थेंब नाही. तिच्या किडन्या तीन वर्षांपूर्वी बंद पडल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. मधल्या दिवसांत प्यायलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते पायांत उतरतं, मग छातीत चढतं.

एकीला हवंय पण मिळत नाही, दुसरीला मिळतंय पण जात नाही. ही वाटणी ज्याने केली त्याला आमच्या पंपांच्या कारखान्यात आणून टेस्ट बेडवर चढवायला हवा.

"तुझ्यातलं अर्धं मला दे," अम्मा म्हणते. दिवसातून चारदा.

११ फेब्रुवारी

चित्ति आली – अम्माची धाकटी बहीण. चार शहाळी घेऊन. एक फोडलं, मग अम्माचा चेहरा दिसला आणि कोयता पाठीमागे लपवला. शहाळ्यातलं पोटॅशियम अम्माचं हृदय थांबवू शकतं. चित्तिला हे दर वेळी आठवतं, पण फोडून झाल्यावर.

"सहा महिन्यांत वेलीसारखी होशील बघ, कोदै. तिरुप्पूरचा एक मुलगा आहे. बनियनचा कारखाना."

"मुलगा कसा आहे?" अम्मा.

"मुलगा जरा... अंगाने भरलेला आहे."

"मग त्याला म्हणावं, आधी तू पोट कापून ये. आमच्या मुलीचं झालंय."

सगळ्यांना वाटतं मी हे लग्नासाठी केलं. वाटू दे. खरं कारण एकदाच लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी अम्माला किडनी द्यायला गेले होते. रक्तगट जुळला, पेशी जुळल्या. मग मला काट्यावर उभं केलं आणि समितीने नाही म्हटलं. एवढं वजन एका किडनीवर सोडणं धोक्याचं, म्हणाले. अम्माला त्या दिवशी इतका आनंद झाला होता! "देवाने तुला जाडं केलं ते माझ्यापासून वाचवायलाच. आणि ऐक – वजन उतरवून परत आलीस तरी मी घेणार नाही. पोरीचं कापलेलं अंगात घालून मला झोप लागेल का?"

म्हणून तिला सांगितलेलं नाही. डॉक्टर शेन्बगमना सांगितलंय. त्यांची अट एकच होती – पाणी. ते कमी पडलं तर मूतखडा होऊ शकतो, किडनीला इजा होऊ शकते, आणि तसं झालं तर दाता म्हणून माझं नाव गेलं. म्हणजे मी दिवसभर हा जो पोरखेळ मांडून बसलेय, तो माझ्या पोटासाठी नाही. डाव्या-उजव्या त्या दोघींपैकी एक अम्मासाठी सांभाळायची आहे.

पुरे. भावनेचं पान झालं.

१३ फेब्रुवारी

ऑपरेशनवाल्यांचा एक ग्रुप आहे फोनवर. सेलमचे एक सराफ आज विचारत होते, "डॉक्टर, फक्त पातळ पदार्थ म्हणालात. बिअर पातळच असते ना?" डॉक्टरांनी उत्तर दिलं, "फिनाइलही पातळच असतं." सराफांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१५ फेब्रुवारी

कारखान्यात परत. मी पंप तपासते. कुठला पंप किती उंचीवर किती पाणी टाकतो, एवढंच माझं काम. त्यामुळे स्ट्रॉ का नको ते मला कुणी समजवावं लागलं नाही. ओढताना आधी नळीतली हवा येते. मोठ्या पोटात ती ढेकर होऊन निघून जाते. वेलची केळ्यात ती पाचर मारून बसते. पंपाने हवा धरली की तो पाणी टाकायचं सोडतो, नुसता गुरगुरतो. माझंही तसंच.

जेवणाच्या आधी अर्धा तास पाणी बंद, नंतर अर्धा तास बंद. "जेवण" म्हणजे गाळलेली डाळ, सहा चमचे.

१६ फेब्रुवारी

हिरवी बाटली रिकामी झाली! पहिल्यांदाच. अम्मा म्हणाली, "आता हिला पेल्यावरून तांब्यावर बढती द्या."

१९ फेब्रुवारी, रविवार

चित्तिच्या नव्या घरात दूध उतू घालवायचा कार्यक्रम. सगळं गाव तिथे. तिरुप्पूरच्या मुलाची आईसुद्धा – चित्तिला लाज नाही.

आमच्याकडे पेल्याला ओठ लावत नाहीत. मान मागे, पेला वर, धार थेट घशात. लहानपणी मी ओठ लावला की अम्मा बोटांच्या पेरांवर चमचा मारायची. पाणी पितापिता श्वास न घेता अख्खा पेला रिचवणं ही माझी एकेकाळची कीर्ती.

मुलाच्या आईने पितळी पेला पुढे केला. "घे गं, सिरुवाणी नदीचं गोड पाणी आहे." माझा तीस मिलीचा पेला पर्समध्ये होता. काढला असता तर समजावून सांगावं लागलं असतं. समजावायचा कंटाळा आला. मान मागे गेली, पेला वर गेला. तीन मोठे घोट, आणि धारेबरोबर ओढलेली हवा.

छातीच्या हाडामागे कुणी खुंटी ठोकावी तसं झालं. दारापर्यंत पोचले. उंबऱ्यापुढच्या रांगोळीवर ओकले. कमळ होतं. आठ पाकळ्यांचं.

मुलाची आई म्हणाली, "किती महिने झाले?"

चित्ति रडली. अम्मा हसून हसून खाली बसली.

२१ फेब्रुवारी

पाणी पाहिलं की खुंटी आठवते. घोट घेते, थांबते, पुढचा घेववत नाही. काल अर्धी बाटली. आज त्याहून कमी. डॉक्टरांच्या सहायिकेचा फोन आला. "दीड लिटर जातंय ना?" – "जातंय," म्हटलं.

मी. जी कारखान्यात दुसऱ्याच्या नोंदीवर न तपासता सही करत नाही.

२२ फेब्रुवारी

लघवीचा रंग – फिल्टर कॉफी. दूध कमी.

उभं राहिलं की भिंती सरकतात.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

टेस्ट बेडजवळ चक्कर येऊन बसले. फोरमन पळनिसामी म्हणाले, "मॅडम, मोटार जळली की माणूस?" मग माझे ओठ पाहिले आणि रिक्षा बोलावली. रिक्षात घालून हॉस्पिटल. सलाइन.

अम्मा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर डायलिसिसवर होती. चार तास तिच्यातलं पाणी काढत होते. वर माझ्यात भरत होते. मध्ये एक नळी टाकली असती तर काम झालं असतं.

डॉक्टर शेन्बगम रिपोर्ट घेऊन आल्या. "क्रिएटिनिन एक पॉइंट सहा – किडनीवर ताण आलाय. कोदै, पाणी जात नव्हतं तर त्याच दिवशी यायचं! तोंड सुकलं, लघवी गडद झाली, चक्कर आली – यातलं एकही दिसलं तर घरी बसायचं नसतं, हे मी घसा फोडून सांगितलं होतं. आईला किडनी द्यायला निघालीस ना? अशाने आईच्या शेजारचा पलंग मिळेल."

पडद्यापाशी व्हीलचेअर होती. अम्मा. डायलिसिस संपवून मला बघायला आली होती. दंडावरच्या पट्टीवर अंगठा दाबून बसली होती.

वॉर्डबॉयला म्हणाली, "वळव."

२४ फेब्रुवारी

क्रिएटिनिन उतरतंय. डॉक्टर म्हणतात कायमचं काही झालेलं नाही, "या वेळी".

२६ फेब्रुवारी

घरी. अम्मा बोलत नाही. डाळ गाळते, ठेवते, जाते. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच कुणालाही टोमणा न मारता दिवस काढतेय. हे डायलिसिसपेक्षा वाईट दिसतं.

२७ फेब्रुवारी, सोमवार

बोलली. भांडी घासता घासता, पाठ करून.

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग विचारणं म्हणजे दुसरं काय असतं, अम्मिणी?"

नळ चालूच होता.

"चांगलं धडधाकट पोट कापून घेतलंस. पोंगलच्या भाताचा अख्खा हंडा मावायचा त्यात! मी घेणार नाही, कोदै. सांगून ठेवते. ती किडनी तुझ्याबरोबर आलीय, तुझ्याबरोबर जाईल."

"नको घेऊस. पाणी मला तरीही प्यावंच लागणार."

"ते तुला येतंय कुठे!"

नळ बंद केला. हात पुसले. माझ्यासमोर येऊन बसली, निळ्या बाटलीतलं दोन चमचे पाणी वाटीत घेतलं – तिच्या दिवसाच्या हिशोबातलं! – आणि वाटी चक्क ओठांना लावली.

"बघ. तू गिळतेस. पाणी गिळायचं नसतं. जिभेवर बसवायचं. ते कोमट होऊ दे. मग थोडं गालात, थोडं टाळ्याला. आता वाट बघ. घशाला स्वतःहून हवं झालं की तेवढंच सोड. मी एवढ्यावर अख्खी दुपार काढते. तुला पंप कळतात. तहान माझ्याकडून शिक."

मी केलं. दुखलं नाही. पुन्हा केलं.

"डोळे मिटू नकोस, तप करत नाहीयेस," अम्मा म्हणाली.

५ मार्च

रोज अशीच बसते. समोर टीव्ही, माझ्या हातात पेला, तिचा डोळा माझ्या गळ्यावर. मालिकेतल्या सासूने विष दिलं की म्हणते, "घे, आता एक घोट घे. पुढचा तिला न्यायला पोलिसांची गाडी आली की."

जाहिरातींत थांबायचं. हे गणित जमतं. दीड लिटर झालं आज.

१९ मार्च

कॉफी! बिनकॅफिनची, दोन चमचे, कोमट. अम्माने वास घेतला आणि म्हणाली, "हे कॉफीचं भूत आहे."

२४ एप्रिल

क्रिएटिनिन ०.८. मूतखडा नाही. जुने कपडे खांद्यावरून घसरतात. चित्तिने आणखी एक मुलगा आणलाय, इरोडचा, हळदीचा व्यापारी. याची आई उंबऱ्यावर येण्याआधी रांगोळी पुसून ठेवीन म्हणते.

अम्माकडे किडनीचा विषय काढला. अम्माने टीव्हीचा आवाज वाढवला.

६ जुलै

अम्माला शनिवारी मशीनवर रक्तदाब उतरून गुंगी आली. दहा मिनिटं ओळख नव्हती. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न – "हिने किती प्यायलं?"

७ ऑगस्ट, सोमवार

समितीपुढे काट्यावर उभी राहिले. या वेळी त्यांनी काटा पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा काटा. म्हणाले, वजन चालेल. बाकी तपासण्या महिनाभरात होतील. आईची लेखी संमती हवी.

अम्मा म्हणाली, "नाही." समितीतल्या बाई समजावायला लागल्या. अम्मा म्हणाली, "बाई, तुम्हाला मुलगी आहे?" – "आहे." – "मग गप्प बसा."

बसमध्ये माझी बाटली तिच्या मांडीवर होती. दर पाच-दहा मिनिटांनी झाकण उघडून माझ्या हातात देत होती. मी खिडकीबाहेर बघत घोट जिभेवर धरून ठेवला.

९ ऑगस्ट

पीत राहायचं. ती घेवो न घेवो. डॉक्टर म्हणतात, हे आता जन्मभराचं आहे.

१२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी डायलिसिसला निघताना अम्मा चपलेचा पट्टा लावत वाकली होती. वर न बघता म्हणाली, "त्यांना म्हणावं, डावी काढा. तू उजव्या कुशीवर झोपतेस."