तार उशिरा आली

सोम. ७ सप्टें. १९८७, जळगाव
आलं: भजनी मंडळाची पेटी, धुळ्याहून दुरुस्त होऊन. भाता नवा, दोन सूर नवे. पंच्याऐंशी रु., एस.टी.चं भाडं सहा. आखीव ताव एक डझन, दीड रु. (हे माझ्या भाऊबीजेतले.) पेटी आमच्या ओसरीवर ठेवली. तालीम इथेच.
मंडळाच्या मालतीताईंनी परस्पर जाहीर करून टाकलं. नवरात्रातल्या रविवारी, २७ ला, भजन झाल्यावर मी आईवर लिहिलेलं वाचायचं. नाही म्हणता आलं नाही.
सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरातलं काही नाही ना त्यात?" म्हटलं, नाही. देवा, क्षमा कर.

बुध. ९
नाना पेटीवाले असोद्याहून सायकलीवर आले. गौळण घेतली. वरच्या सुरावर माझा आवाज फाटला. नानांनी पेटी थांबवली.
"वहिनी, ही पट्टी कोणाची?"
"मालतीताईंची."
"मग ताईंनाच गाऊ द्या की. तुमची काळी एक. दुसऱ्याच्या पट्टीत माणूस गात नाही, ओरडतो."
बायका हसल्या. मीही.
सगळ्या गेल्यावर लिहिलेले ताव काढले. त्यात आई शेवटी म्हणते, "धाकटी आली का ग?" माझी आई शिरपूरकडची, जन्मात असं बोलली नाही. आई गेली तेव्हा जवळ होती ती अक्का, माझी थोरली बहीण. तिने मला सांगितलं ते असं: "धाकली उनी का?" मीच ते शहरी करून टाकलं. पुढे शिकलेल्या सुना बसणार, हसतील म्हणून.
म्हणजे हीसुद्धा मालतीताईंचीच पट्टी.

शुक्र. ११
'उनी' लिहिलं. लिहिलं आणि आसपासची वाक्यं नुसती नटूनथटून बसल्यासारखी दिसायला लागली. चार ओळी खोडल्या.
नानांचं आणखी: चुकलं तर थांबायचं नाही, जीभ चावायची नाही, पुढच्या समेवर यायचं. श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवायचं. तावांवर पेन्सिलीने श्वासाच्या रेघा मारल्या. एका वाक्यापाशी मात्र श्वास पुरत नाही. 'तार उशिरा आली, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.' एवढंसं वाक्य. दर वेळी 'उशिरा'वर अडखळते.

मंगळ. १५
तालीम. नाना म्हणाले, "तारेला हात लावू नका वहिनी. तार चुकली की तुमच्याच्याने लपत नाही."
माझ्या हातातले टाळ थांबले. वरच्या, तार सप्तकाबद्दल बोलत होते ते. मालतीताई म्हणाल्या, "अहो, एवढं पांढरं व्हायला काय झालं? नाना सगळ्यांनाच बोलतात."
घरी आल्यासारखं करून आत गेले. (घर माझंच, ओसरीही माझीच. काय लिहितेय.)

गुरु. १७
पितृपक्ष चालू. पितरांचं पान वाढलं. आईला जाऊन चार वर्षं झाली. ही वही कोणी उघडत नाही म्हणून लिहिते.
तार शनिवारी दुपारी आली. अक्काने केलेली. आई सीरियस, ताबडतोब निघ. घरात मी एकटी. दुसऱ्या दिवशी नणंदेला बघायला रावेरचे पाहुणे यायचे होते. मी तार घडी करून देवघरात बाळकृष्णाच्या आसनाखाली ठेवली. वाटलं, तो सोमवारपर्यंत आईला धरून ठेवील. सोमवारी सकाळी काढली आणि आत्ताच आली म्हणून ह्यांच्या हातात दिली. आई रविवारी तिन्हीसांजेला गेली होती.
सांगितलं असतं तर सासूबाईंनी पाठवलंही असतं. मी विचारलंच नाही. भ्याले. नणंदेचं लग्न जमलं, तिला दोन मुलं आहेत. आणि घरात सगळे अजून म्हणतात, बिचारीला तार उशिरा

शनि. १९
नाना म्हणाले, पेटी बंद ठेवतो, नुसतं वाचा. वाचलं. 'उनी'वर कोणी हसलं नाही. 'उशिरा'वर नानांनी मान वर केली.
"इथं सूर लागत नाही वहिनी. काय ते तुम्हाला माहीत. बाराजणींत एकीचा बेसूर खपून जातो, एकटीचा नाही खपत."
मालतीताई म्हणाल्या, "मग तो शब्दच काढून टाका."
काढून पाहिला. उरलं: 'तार आली.' ताव पटकन घडी केले.
सासूबाईंनी पहिल्या रांगेत जागा सांगून ठेवली आहे. "सून वाचणार, मी काय चपलांपाशी बसू?" मला तिथेच त्यांचा चेहरा दिसणार. शेजारी नणंद. ती मुद्दाम येणार आहे.

सोम. २१
जप झाल्यावर दोन्ही पानं नीट उतरवून काढली. एकात 'उशिरा' आहे, एकात नाही. दोन्ही बाळकृष्णापुढे ठेवणार होते. नाही ठेवली. त्याच्यावर पुन्हा टाकायचं नाही.
अक्काला आंतर्देशीय लिहिलं. टाकण्याआधी इथे उतरवून ठेवते.

ती. अक्कास शि. सा. न.
तार उशिरा आली नव्हती. शनिवारी दुपारीच आली होती, मी लपवली. काय रागवायचं ते रागव, पण आधी एक सांग. आईने "धाकली उनी का?" विचारलं, तेव्हा तू काय उत्तर दिलंस? चार वर्षांत विचारायचा धीर झाला नाही. माझ्या कागदावर तेवढीच ओळ कोरी आहे आणि रविवारी सगळ्यांपुढे वाचायचं आहे. शनिवारपर्यंत मिळेल असं उलट टपाली कळव. एक शब्द असला तरी चालेल. तू म्हणालीस तस्साच लिही, शहरी करू नको.