उजव्या बाजूचा पोचा

डेमिंग, ९ नोव्हेंबर

प्रिय नादीन,

सुखरूप पोचलो. आपला राहायचा ट्रेलर दर हिवाळ्याप्रमाणे नेहमीच्या तळावर लावला आहे. ऊन छान पडतं. तुझी खुर्ची बाहेर काढून ठेवली आहे.

एक सांगायचं राहिलं. निघताना तू पिकअपच्या हौद्यावर टेकणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या भागाचं पोट आणि हौद्याची कड यांच्यामध्ये हात घालून म्हणाली होतीस, "मर्ल, इथे चारच बोटं जातायत. वीतभर तरी जागा हवी." मी म्हटलं, रस्ता सपाट आहे. रस्ता सपाटच होता. पण पेट्रोल पंपातून बाहेर पडताना पिकअपचं मागचं उजवं चाक उंचवट्यावर चढलं, हौदा तिरका झाला आणि कड ट्रेलरच्या पोटाला जाऊन भिडली; तिथे पोचा पडला.

शेजारच्या ट्रेलरमधला हॉलिस पाना घेऊन आला. "गाडी नवी, उंच हौद्याची घेतलीस आणि ट्रेलरचा जोड जुन्याच भोकात ठेवलास होय रे?" त्याने हौद्यातला जोड दोन भोकं वर चढवला. आता वीत आरामात जाते. मात्र गाडीला जोडलं की ट्रेलरचं नाक वर होतं.

डॉक्टर काय म्हणाले? तुझे रिपोर्ट गुरुवारी यायचे होते. फोनवर तू नुसतं थंडीचंच सांगत राहिलीस. जेवतेस ना?

हॉलिस पोचा ठोकून काढतो म्हणत होता. मी त्याला म्हटलं, "राहू दे. पोचा माझ्या शेजारी नादीन बसते त्या बाजूला आहे, आणि तिचं त्यावर बोलून व्हायचंय."

तुझाच,
मर्ल