भोंगा ऐकू आला नाही तर

सोमवार, ता. ४

चि. चिमे,

अनेक आशीर्वाद आणि लांबूनच एक टपली. आप्पांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला पंधरा तारीख मिळाली हे वाचून जीव भांड्यात पडला.

रेल्वेने आलात तर खाडीच्या अलीकडेच उतरावं लागतं. तिथून आमची बोट चाळीस मिनिटांत थेट पलीकडे इस्पितळाच्या धक्क्याला लागते. दुसरी वाट बसची. खाडीला वळसा, सहा तास, अंगाचा नुसता खुळखुळा. तुम्ही बसनेच या. शेवटच्या थांब्यावरून चार नंबरची ट्राम धरा. ती पाण्याच्या कडेकडेने इस्पितळाच्या दारात सोडते.

का ते विचारू नकोस आणि गावात कुणाशी बोलू नकोस. पूर्वी मी बोटीचा पंप फेरीला एकदा चालवत असे. आता तो थांबवता येत नाही. मालक म्हणतात, दुरुस्ती गर्दीचा हंगाम सरल्यावर. मी देवाचं नाव घेत तळाचं पाणी उपसतो, आणि वर माणसं शेंगा खात बसलेली असतात.

असो. आप्पांना नमस्कार. दादावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

गुरुवार, ता. ७

ती. दादास,

चिमीचा नमस्कार, आणि टपली परत. वीस वर्षं आमची बोट, आमची बोट करून कान किटवलेस, आणि आता आम्हाला बसमध्ये कोंबतोस होय? हे म्हणतात, दादांना पन्नाशीची भीती वाटू लागली. आप्पा तर रुसून बसलेत. दिसत नसलं म्हणून काय झालं, पोराच्या बोटीचा भोंगा तरी ऐकला असता म्हणतात.

पण तुझा शब्द मोडला नाही. चौदा तारखेला, गुरुवारी, बसनेच येतो. यांनी रेल्वे-बोटीची तिकिटं आधीच काढली होती. ती शेजारच्या शिंपीकाकांना दिली. त्यांच्या लेकीला सातवा लागलाय, तिला तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय, बसचे धक्के नकोत. काकूंनी विचारलं, बोट भरवशाची आहे ना. मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ आहे तिच्यावर. तू बजावलं होतंस म्हणून दुसरं काही बोलले नाही. काकांनी आप्पांना नवा सदरा शिवून दिलाय.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया असू दे.

तुझी चिमी

सोमवार, ता. ११

चि. चिमे,

आशीर्वाद. टपाल वेळेत पोचणार नाही, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतोय. मिळताच तशीच उठून शिंप्याच्या घरी जा. बोटीत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांग. आधी का नाही सांगितलं असं विचारतील, तेव्हा मान खाली घालून ऐकून घे. ती चूक माझी आहे.

इतके दिवस मी तळात असायचो, वरच्या माणसांची फक्त पावलं ऐकू यायची. तुझ्या पत्राने मला त्यांची तोंडं दिसायला लागली. रोज दीडशे माणसं. त्यांतल्या कुणाच्याही घरी मी पत्र लिहिलं नाही. आपली तेवढी वाचवली आणि देवापुढे हात जोडून मोकळा झालो.

आज मालकांकडे गेलो. हसले, म्हणाले, तुला पोहता येतं ना, मग झालं तर. बंदराच्या कचेरीत अर्ज दिला. साहेब पुढच्या आठवड्यात येणार.

उद्या पहिल्या फेरीपासून, माणसं ज्या फळीवरून बोटीत चढतात तिच्यावर मी बसून राहणार आहे, आणि येईल त्याला तळातलं पाणी सांगणार आहे. नोकरी जाईल. पण मला उचलून बाजूला केलं आणि बोट सोडलीच, तर मी पुन्हा खाली पंपाशी जाईन. तो माझ्याशिवाय कुणाला दाद देत नाही.

गुरुवारी मी थांब्यावर दिसलो नाही तर वाट पाहू नका. चार नंबरची ट्राम धरा. आप्पांना डाव्या बाजूला बसव, पाण्याचा वारा लागेल. दोनच्या सुमारास ट्राम इस्पितळाच्या धक्क्यावरून जाते, तीच आमची बोट भोंगा देऊन परत सुटायची वेळ. त्यांना म्हणावं, कान देऊन बसा, आणि भोंगा ऐकू आला नाही तर पोराला आशीर्वाद द्या.

तुम्हा सगळ्यांवर जीव असलेला,
दादा