निर्मातीच्या डाव्या डोळ्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
मोफत नेत्रशस्त्रक्रिया योजना,
जिल्हा रुग्णालय.

विषय : 'चित्रपट निर्माती' असल्याच्या कारणावरून आईचे नाव लाभार्थी यादीतून वगळल्याबाबत फेरविचार होणेविषयी.
संदर्भ : नाव वगळल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. या प्रकरणात माझ्या आईला काय मिळणार होते, ते आधी नमूद करते : पडद्यावर काही क्षण नाव. याहून अधिक देण्याची माझ्या धाकट्या भावाची ऐपत नव्हती आणि आईची मागणीही नव्हती.

२. भाऊ स्वतंत्र चित्रपट दिग्दर्शक आहे. स्वतंत्र म्हणजे त्याला पगार देणारा कोणी नाही आणि जाब विचारणाराही नाही. त्याने आजवर तीन चित्रपट केले. पहिल्यात माझे स्वयंपाकघर गेले. भिंतींना त्याने फासलेला काळा रंग अजून निघालेला नाही. दुसऱ्यात त्याची बायको गेली, ती माहेरी. त्यावर तो म्हणाला, "शेवट खुला ठेवलाय." तिसऱ्याच्या वेळी अनुदान मंडळाचा 'दिग्दर्शक व निर्माता एकच व्यक्ती नसावी' हा नियम आडवा आला, तेव्हा त्याने आईपुढे कागद ठेवला. "निर्माती म्हणजे काय करायचं असतं रे?" तिने विचारले. "काही नाही गं, नुसती सही." तिने केली. पुढे अनुदान नामंजूर झाले. सही मात्र मंजूर राहिली.

३. चित्रपट एका महोत्सवात सकाळच्या खेळाला दाखवला गेला. आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती पहिल्या रांगेत बसली, तरी पडद्यावर कोण रडते आहे ते मला सांगावे लागले. तिचे नावही मीच वाचून दाखवले. त्या वेळी ते आपल्या यादीतही होते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात तिचा 'निर्माती' म्हणून फोटो छापून आला. तो तिला दिसला नाही. आपल्या कार्यालयाला दिसला.

४. आपले लिपिक म्हणाले, "निर्मातीबाईंना फुकट ऑपरेशन कशाला? तोटा झाला म्हणता, तर दाखला आणा." दाखल्यासाठी मी ज्यांच्याकडे गेले ते हिशेबनीस म्हणाले, "तोटा दाखवायला आधी धंदा लागतो. सगळे फुकट राबले, मग बुडालं काय?" सबब आई कागदोपत्री गरीबही ठरत नाही आणि श्रीमंतही नाही. ती फक्त प्रतिष्ठित ठरते.

५. चित्रपटावरून तिचे नाव काढण्याचा मार्ग होता. परंतु तसे केल्यास सेन्सॉरचे प्रमाणपत्र रद्द होऊन चित्रपट कोठेही दाखवता येत नाही. भाऊ म्हणाला, "ताई, परदेशातल्या महोत्सवाचं उत्तर येईपर्यंत थांब ना." मी काही बोलण्याआधी आईच म्हणाली, "थांबते मी. मला कुठे सुईत दोरा ओवायचाय." उत्तर आले, ते नकाराचे. तोवर उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू फार पिकून आतला दाब वाढला होता. ती दृष्टी आता परत येणार नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. भावाने नाव अद्याप काढलेले नाही. तो चौथ्या चित्रपटाची कथा लिहिण्यात व्यग्र आहे. कथा एका आंधळ्या आईची आहे.

६. तरी 'निर्माती' हा शब्द केवळ सहीपुरता समजून आईचे नाव यादीत पुन्हा घ्यावे व डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया विनाविलंब व्हावी, ही विनंती. चित्रपटाच्या हिशेबाबद्दल आपल्या कार्यालयाला अजून शंका असल्यास तो असा : भावाला प्रमाणपत्र मिळाले, छायाचित्रकाराला पुढचे काम मिळाले, आपल्या यादीत एक जागा मोकळी झाली. खर्च एकच झाला, उजवा डोळा. तो निर्मातीने भरला.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेल्यांच्या वतीने,
(सही)
निर्मातीची मुलगी
दि. ९ मार्च

सोबत : डॉक्टरांचा अहवाल, दोन्ही डोळ्यांचा.